वजावट

समडोळीला पोचलो तेव्हा ती गोठ्याच्या माळ्यावर होती,
गोणपाटात गुंडाळलेली, मोडक्या कुळवाच्या पलीकडे,
चाकं नसलेली.
आदगोंडा मगदूम म्हणाले, "शिडी धरा नीट,
मला पडायची सवय नाही राहिली आता."

अंगणात उतरवली.
मी आधी वजन घेतो, वरच्या नळीखाली एक बोट घालून.
डोळ्यांचं काम नंतर.
मागची खाच मागेच उघडणारी, म्हणजे ट्रॅकचीच.
सांध्यांच्या कडेला पितळेची केसाएवढी रेघ.
कंपनीचं नाव खरवडून गेलेलं,
एक अक्षर उरलं होतं, तेही अर्धं.
पान्याने उजवा कप सोडवला, तो उलटा फिरला.
आटे इंग्रजी.
हे मी तोंडावर येऊ दिलं नाही.
या धंद्यात चेहऱ्यालाही ग्रीस लावून ठेवावं लागतं.

कपामागून मूठभर वाळका गाळ सांडला.
"एकोणीसचं पाणी," म्हातारा म्हणाला,
"म्हशी सोडल्या दावणीच्या, हिला विसरलो."

मोठ्या कडांचे दोन हब चहाच्या डब्यात होते,
छर्रे औषधाच्या बाटलीत, मोजून.
एक्कावन्न दात्यांचं चेनव्हील
देव्हाऱ्यामागच्या खिळ्याला. ते मात्र पुसलेलं.
पंजाबात, सिमेंटच्या कलत्या भिंतीवर,
हिच्यावर बसून ते तिसरे आले होते.
पहिले दोघे कोण, विचारलं.
"त्यांची पाठ आठवते," म्हणाले.

मग मला चिमट्यात होल दिसलं.
बरोबर मधोमध, आरपार,
ब्रेक लावायला मारलेलं.

ट्रॅकच्या सायकलीला ब्रेक नसतो, फ्री नसते.
पाय थांबला तर ती थांबते,
आणि पाय थांबवणं सगळ्यात अवघड.
अशा चिमट्याला होल म्हणजे
पैठणीला ठिगळ.
मी वहीत लिहिलं: वजा तीन हजार.
लिहिताना कागद त्यांच्याकडे थोडा कलता ठेवला.

"ते मीच मारून आणलंय," ते म्हणाले.
"रेस सुटल्यावर हिच्यावरनंच दूध घालायचो डेअरीत.
दोन किटल्या, ब्रेक नाही.
सुताराची पोरगी आडवी आली. चार वर्षांची.
लागलं नाही तिला.
खरंच नाही लागलं.
दूध सगळं गेलं गटारात.
दुसऱ्या दिवशी पहाटे सांगलीला गेलो, चालत,
हिला खांद्यावर घेऊन,
आणि कारखान्यातल्या पोराला म्हटलं, मार होल."

मी मान हलवली. तीनचे अडीच केले.
एवढंच सुचलं.

तेवढ्यात दारात एक बाई,
भुवयांवर पीठ, पापण्यांवर पीठ,
गिरणी बंद करून आली असावी.
"दिली व्हय अण्णा? कितीला?"
तिने वही माझ्या हातातून घेतली, सरळ,
उधारीची वही वाचावी तशी वाचली.
"हे अडीच कशाचे?"
मी बोट दाखवलं.
"त्याचे पैसे कापायचे नाहीत," वैजंता सुतार म्हणाली.
"माझ्यापायी पडलंय ते."

म्हातारा छर्ऱ्यांची बाटली हलवत बसला होता.
आवाज ऐकत.

पुण्याच्या गिऱ्हाइकाला रात्री फोटो पाठवले.
त्याने पहिलंच विचारलं, चिमटा कोरा आहे ना?
मग म्हणाला, भरून घ्या, रंग मारा, कळणार नाही.
मग चार हजार खाली आला.
मी बघतो म्हटलं.

दोन महिने झाले, फ्रेम दुकानात टांगलेली आहे.
बाकीचं विकलं, हब, चेनव्हील, छर्रेसुद्धा.
ऊन तिरपं झालं की चिमट्यातून आरपार येतं,
समोरच्या भिंतीवर
पाच पैशांपेक्षा लहान ठिपका पडतो,
आणि कुणी पोर दारातून धावत गेलं की विझतो.

वहीत अडीच हजार खोडलेले आहेत.
खोडलेल्यावर पिठाचा अंगठा आहे.
गोटीराम विचारत होता, ही एंट्री कुठे धरायची.